मालिका, ओटीटी की स्वतःचं यूट्यूब चॅनेल? एका मालिकालेखकाच्या प्रश्नाला उत्तर

मालिकांचे संवाद लिहिणारे मित्र हल्ली चहाला भेटले की फिरून फिरून तिथेच येतात. टीव्ही सोडून ओटीटीकडे किंवा स्वतःच्या यूट्यूब चॅनेलकडे वळावं का? तुम्हीही तेच विचारलंत. मला वाटतं आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पैसे न येता घर किती महिने चालेल, आणि लिहिलेली पात्रं कोणाच्या नावावर राहतील.

मालिकेत पहिल्या प्रश्नाची काळजी कमी. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधला साधारण 22 मिनिटांचा एपिसोड, आठवड्याला सहा, मानधन एपिसोडमागे. हातात पडायला तीन-तीन महिने लागतात, पण एकदा चक्र सुरू झालं की पडत राहतं. बदल्यात दर गुरुवारी येणारा टीआरपी, म्हणजे मालिका किती पाहिली गेली त्याचा आकडा, सोसायचा. आकडा घसरला की कथेचा ट्रॅक फिरतो आणि मरायला टेकलेली सासू शुक्रवारी सकाळी ठणठणीत होते. पात्रं तर तुमची नसतातच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तुमचे, मालकी चॅनेलची किंवा निर्मात्याची. 2012च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीचा हक्क करारानंही सोडून देता येत नाही. सही करण्याआधी करारातलं रॉयल्टीचं कलम वाचा; बरेच जण फक्त मानधनाची ओळ वाचतात.

आणखी एक. तुम्ही ऑनलाइन गेलेलाच आहात. झी मराठीची मालिका झी5वर दिसते, पैसे भरणाऱ्यांना तर टीव्हीच्या आधी. तुमच्या मानधनात त्यानं काही फरक पडला का, ते तुम्हीच सांगा.

ओटीटीबद्दल थोडक्यात. काम सुखाचं: सात-आठ भाग, सगळं लिहून झाल्यावर शूटिंग. एमएक्स प्लेयरवर 2019ला ‘आणि काय हवं’ ही मराठी वेबसिरीज आली, 2020ला ‘समांतर’. 2021ला प्लॅनेट मराठी हे मराठी ओटीटी सुरू झालं, 2022ला तिथं ‘रानबाजार’ गाजली. तेव्हा वाटलं होतं, आता रांग लागणार. पण मोठ्या प्लॅटफॉर्मवर हिंदी, तामिळ, तेलुगूच्या मानानं मराठी ओरिजिनल, म्हणजे खास ओटीटीसाठी केलेल्या सिरीज, आजही मोजक्याच. कल्पना ऐकवून होकार येईपर्यंत वर्ष सहज जातं. बोलावणं आलं तर जरूर जा, पण त्याच्या भरवशावर गृहकर्ज घेऊ नका.

यूट्यूबवर होकार कुणाचाच लागत नाही. भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) हे चॅनेल 2016ला सुरू झालं, साताऱ्याकडच्या कोरी पाटी या चॅनेलनं ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेबसिरीज केली. दोघांनीही स्लॉट मिळायची वाट पाहिली नाही. मात्र हिशेब करा. जाहिरातींचा वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं. प्रेक्षक सरासरी चार मिनिटं थांबला, तर हे 60,000 व्ह्यूज झाले. मग लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले 55 टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये 45. आठ मिनिटांहून मोठा भाग असेल तर मध्येही जाहिरात टाकता येते, म्हणून सहा मिनिटांचा विनोद ओढूनताणून साडेआठचा झालेला दिसतो. (मालिकेत पाणी घालायची सवय इथं कामाला येते म्हणायची.) इथल्या मराठी प्रेक्षकाच्या व्ह्यूला दर कमी, अमेरिकेतल्या मराठी घरातून आलेल्या व्ह्यूला चांगला. खरा पैसा ब्रँडचा, आणि तो येईपर्यंत कॅमेरा, साउंड, एडिट, जेवणाचे डबे सगळं तुमच्या खिशातून.

पात्रं मात्र तुमची राहतात. तीही आपोआप नाही. दिग्दर्शक मित्र, नट मित्र, सगळे फुकट राबतात आणि कागद कुणीच करत नाही. पहिला भाग टाकण्याआधी कोणाचा किती वाटा, हे एका पानावर लिहून सह्या घ्या.

मी काय करेन? घर एपिसोडच्या मानधनावर चालत असेल तर मालिका सोडणार नाही, पण पटकथाही माझ्याकडे असेल तर ती सोडून फक्त संवाद ठेवेन. पटकथाच दिवस खाते, चॅनेलच्या मीटिंगाही तिच्याच वाट्याला. सुटलेल्या वेळात स्वतःच्या दोन पात्रांचे दहा भाग लिहून काढेन. त्याआधी सध्याच्या करारात ‘एक्सक्लुझिव्ह’ (म्हणजे दुसरीकडे लिहायला मनाई) हा शब्द आहे का ते पाहेन. तो असेल तर निर्मात्याकडून यूट्यूबची सूट लेखी मागावी लागेल, आणि ती मागायची वेळ करार नव्यानं होताना, टीआरपी वर असताना.