फोटोत न दिसलेले ओरखडे

चांदीचे एक प्रूफ नाणे, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले नाणे, मी केवळ चार फोटो पाहून विकत घेतले आणि फसलो. विक्रेत्याने दुसऱ्याच नाण्याचे फोटो लावले नव्हते, वजन खोटे सांगितले नव्हते, फोटोत फेरफारही केला नव्हता. प्रकाश मात्र त्याने असा योजला होता की, नाण्यावरचे ओरखडे दिसूच नयेत. अशी फसवणूक सिद्ध करणे किती अवघड असते, हे तक्रार करताना कळले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रूफ नाणे पाडताना चकती आणि साचा दोन्ही आधी चकचकीत केलेले असतात आणि ठसा बहुधा एकाहून अधिक वेळा मारला जातो. त्यामुळे नाण्याचा मोकळा भाग आरशासारखा होतो, तर उठावाचे चित्र बहुतेकदा दुधी ठेवलेले असते. आरसा समोर जे असेल तेच दाखवतो. समोर काळे असेल तर काळा दिसतो, पांढरे असेल तर पांढरा. त्या चारही फोटोंत हा आरसा कडेपासून कडेपर्यंत एकसारखा पांढराशुभ्र होता आणि मला तेच निर्दोषपणाचे लक्षण वाटले! खरे तर तिथेच शंका यायला हवी होती.

नाणे आले तेव्हा दिवसाच्या उजेडात ठीक दिसले. रात्री टेबललॅम्पखाली कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक डबी, उघडून, केवळ कडांना धरून ते हलकेच तिरपे केले, तेव्हा केसाहून बारीक रेघांचा एक पट्टा एकदम उजळला आणि नाणे किंचित फिरवताच नाहीसा झाला. बहुतेक रेघा एकाच दिशेने गेल्या होत्या. कोणीतरी ते नाणे कापडाने पुसलेले होते.

विक्रेत्याला कळवले, तर त्याने अतिशय सौजन्याने उत्तर दिले की, या रेघा साच्याला पॉलिश करताना पडलेल्या असून त्या टांकसाळीतूनच येतात. हे उत्तर इतके जाणकार वाटते की, नवखा माणूस उलट त्याचीच माफी मागेल. अशा रेघा असतात, हे खरेच आहे. पण साच्यावर त्या कोरल्या गेलेल्या असल्यामुळे नाण्यावर उठून येतात, आणि पॉलिश साच्याच्या सपाट भागावर होत असल्याने चित्राच्या कडेशी आल्यावर थांबतात. मी १० पट भिंगातून पाहिले, तेव्हा दोन रेघा मोकळ्या भागातून थेट चेहऱ्याच्या गालावर चढलेल्या होत्या आणि दुधी पृष्ठावर चमकत होत्या.

मग घरीच प्रयोग केला. ट्रायपॉडवर कॅमेरा किंचित तिरपा रोखला, नाण्याच्या आरशात पांढरा कागदच दिसेल असे ट्रेसिंग पेपरचे नळकांडे भोवती उभे केले, बाहेरून दोन दिवे लावले आणि एक्स्पोजर थोडे वाढवले. ओरखडे गायब झाले आणि विक्रेत्याचाच फोटो माझ्या हाती आला. कागद काढून, एकच उघडा दिवा घड्याळातल्या १० च्या जागी ठेवून आणि एक्स्पोजर कमी करून पुन्हा फोटो काढला, तर सगळ्या रेघा हजर. पसरलेला प्रकाश सगळीकडून येत असल्याने रेघेची चमक आसपासच्या उजेडात बुडून जाते. एका बाजूने येणारा उजेड मात्र तिला वेगळी पाडतो.

हे दोन्ही फोटो जोडून तक्रार केली. ‘वस्तू जाहिरातीतील छायाचित्रांशी जुळते’ या एका वाक्यात ती निकालात निघाली. वाक्य खरे होते, हेच खटकणारे. शिवाय कॅप्सूल उघडल्यावर नाणे परत न घेण्याची अट जाहिरातीच्या तळाशी होतीच, आणि ती न वाचण्याची चूक माझी.

आता मी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे एकाच दिव्याखाली सावकाश तिरपे करत घेतलेला नाण्याच्या दोन्ही बाजूंचा लहानसा व्हिडिओ मागतो, आणि ओरखडे नाण्यावरचे की कॅप्सूलवरचे हा वाद उरू नये म्हणून तो कॅप्सूलबाहेरच्या नाण्याचा मागतो. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसते, त्याला यासाठी दोन मिनिटे पुरतात. त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या एका नाण्यासाठी मी मुद्दाम अशी विचारणा केली. उत्तर आले, ‘आमचे फोटो पुरेसे स्पष्ट आहेत.’