पाचट पेटवावे की सरीत कुजवावे?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग या तालुक्यांत ऊसतोड संपली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवण्याची रीत जुनी आहे. एका काडीत रान मोकळे होते, हे खरे. पाचटातला कार्बन उसानेच हवेतून घेतलेला असला, तरी जळताना निघणारी काजळी, मिथेन आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा नायट्रस ऑक्साइड, ही भर आपणच घालतो. तेच पाचट सरीत पसरून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकल्यास ओल टिकते, पाणी कमी लागते आणि पंपाची वीजही वाचते. मजुरी वाढते (उंदरांची तक्रारही खोटी नाही). तरीही खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) ठेवायचा असल्यास मी कुजवण्याच्याच बाजूने आहे. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या रानात मात्र ते बांधालगतच्या खड्ड्यात कुजवलेले बरे.