नौपाड्यातलं स्कॅनिंगचं दुकान : स्कॅन झकास, ‘दुरुस्ती’ नको रे बाबा

ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुने फोटो स्कॅन करून देणारं दुकान आहे. पुढे तक्रारही करणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. खारकर आळीतल्या आमच्या घरातले, सासऱ्यांनी काढलेले फोटो आणि निगेटिव्ह तिथे दिले होते. फोटोतली माणसं घरचीच, ती ओळखीची. मला हवी होती त्यांच्या मागची घरं. ठाणं लहान गाव होतं तेव्हाचे वाडे, दुकानं, नाके. कुठलं काय ते लावायचं होतं.

स्कॅन उत्तम. फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), निगेटिव्ह त्याहून कितीतरी जास्तला. टिफ, म्हणजे बारकावे न गमावणारी मोठी फाइल मागितली तरी कुरकुर नाही. फोटोची पाठ मात्र आवर्जून सांगून स्कॅन करून घ्या. सासरे पाठीवर पेन्सिलीने ‘टेंभी नाका, सकाळी’ असं काहीबाही लिहून ठेवत, आणि दुकानदार आपणहून पाठ बघत नाही.

तलावपाळीच्या एका फोटोत गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या जागी नुसतं आभाळ आहे. रंगायतन १९७८ चं, म्हणजे फोटो त्याआधीचा हे बसल्याजागी कळलं. होडीतून काढलेल्या दुसऱ्या एकात कोपिनेश्वराच्या देवळाचा कळस भलत्याच बाजूला! निगेटिव्ह उलटी लावली होती. फिल्मच्या कडेची छापील अक्षरं सुलट वाचता आली की बाजू बरोबर, एवढं सोपं असतं ते. सांगितल्यावर लगेच, फुकट बदलून दिलं.

आता तक्रार. ‘रिस्टोरेशन’च्या नावाखाली जास्तीचे पैसे घेऊन संगणकाकडून फोटो गुळगुळीत करून देतात. सासूबाईंच्या एका फोटोत मागे दुकानाची पाटी आहे. साध्या स्कॅनमध्ये भिंगाखाली ‘भांडार’ एवढं तरी लागतं. दुरुस्त प्रतीत तिथे देवनागरीसारखी दिसणारी, पण कुठल्याच भाषेत न बसणारी अक्षरं उमटली आहेत. वरच्या माडीच्या सज्ज्याला कातीव गजांचा कठडा आहे, त्यातला एक गज मुळात गायब. तोही संगणकाने इमानेइतबारे बसवून दिला! घर ओळखलं गेलं ते नेमकं त्या गजावरून. आमचे चुलतसासरे साधा स्कॅन डोळ्यांशी नेऊन म्हणाले, “अगं सूनबाई, हा गज आम्हीच मोडला पतंगाच्या नादात. जांभळी नाक्याजवळचं घर हे.” मग शेजारच्या दोन दारांचीही नावं त्यांनी धडाधड सांगितली. दुरुस्त प्रत पुढ्यात ठेवली असती तर म्हातारा गप्प बसला असता.

चेहऱ्याची मोठी फ्रेम करून भिंतीवर लावायची असेल तर खुशाल दुरुस्ती करून घ्या. जागा ओळखायची असेल तर कडा न कापता, डाग न पुसता, आहे तसा स्कॅन मागा. फाइल पेनड्राइव्हवर देतात, तो आपला न्यावा. त्यांच्याकडचा महाग पडतो. आणि दुपारी जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.