२एन३०५५ की झेडव्हीएस? ईएचटी चालवायला काय बनवावं

बारावीची परीक्षा संपली तसा आमचा भाचा कबाड्याकडून जुन्या कलर टीव्हीची ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, घेऊन आला (नेटवर सगळे तिला फ्लायबॅक म्हणतात, पण इंदूरच्या जेल रोडवर टीव्ही रिपेरिंगवाल्याला फ्लायबॅक मागितलंत तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल) आणि म्हणतो मामा, ठिणग्या काढायला ही सिंगल ट्रान्झिस्टरवर चालवू की सरळ झेडव्हीएस (झीरो व्होल्टेज स्विचिंगवाली, दोन ट्रान्झिस्टरची सर्किट) बनवू. मी दोन्ही केलेत आणि दोन्हीत पार्ट जाळलेत, तेव्हा जे माहितीये ते सांगतो.

सिंगल ट्रान्झिस्टर म्हणजे २एन३०५५ नावाचा पॉवर ट्रान्झिस्टर, १२ व्होल्ट, ईएचटीच्या फेराइटवर हाताने गुंडाळलेले आठ-दहा वेढे प्रायमरीचे आणि तीन-चार फीडबॅकचे (ट्रान्झिस्टरला चालू-बंद करायला लावणारे), दोन रेझिस्टर, झालं. चाललं नाही तर फीडबॅकच्या वायरी उलटवा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. सुईएवढी जांभळी ठिणगी निघते, सुं सुं आवाज येतो, आणि दोन मिनिटांत ट्रान्झिस्टरला हात लावता येत नाही.

आता हे गरम होणं. डेटाशीटवर ११५ वॅट लिहिलेलं बघून पोरं खूश होतात, पण तो आकडा केस, म्हणजे बाहेरची धातूची डब्बी, २५ डिग्रीला धरून ठेवली तरचा आहे. मे महिन्यात इंदूरला खोलीतच ४० असतं. हिशोब असा की आतल्या चिपपासून केसपर्यंत दर वॅटला साधारण दीड डिग्री, मधला अभ्रक आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट मिळून अर्धा, आणि तळहाताएवढा हीटसिंक असेल तर त्याचे तीन धरा, म्हणजे झाले पाच. ट्रान्झिस्टरमध्ये २० वॅट जळत असतील तर १०० डिग्री वर चढणार, अधिक खोलीचे ४०, म्हणजे आत १४०. मर्यादा २०० ची आहे म्हणून अस्सल धातूच्या डब्बीवाला निभावून नेतो. पण जळतंच का एवढं? तर ही सर्किट ट्रान्झिस्टरला खटकन चालू-बंद करत नाही, अर्धवट उघडा ठेवते, त्यावेळी त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि करंटही. त्यात तापला की गेन (करंट वाढवायची ताकद) आणि लीकेज (बंद असतानाही झिरपणारा करंट) वाढतं, म्हणून अजून तापतो. आणि बंद होताना प्रायमरीतून जो झटका उलट येतो तो ६० व्होल्टच्या वर गेला की हीटसिंक थंडगार असूनसुद्धा माल उडतो. माझा पहिला तसाच गेला होता आणि मी महिनाभर पेस्टला दोष देत बसलो.

नकली माल हा वेगळाच ताप. एका दुकानातून आणलेले तीन पैकी दोन मिनिटभर टिकले नाहीत, डब्बी कापून बघितली तर आत तिळाएवढी चिप. हातात घेऊन हलका वाटला तर घेऊ नका. आणि ती धातूची डब्बी म्हणजेच कलेक्टर, तेव्हा किती तापलं बघायला चालू सर्किटमध्ये बोट लावायचं नाही भिया, आधी स्विच बंद.

झेडव्हीएसचं उलट आहे. मॅझिली नावाने जी सर्किट फिरते तीच, दोन मॉसफेट (हेही एक प्रकारचे ट्रान्झिस्टरच) आळीपाळीने चालतात आणि व्होल्टेज शून्यावर आलं की मगच स्विच होतात, म्हणून उष्णता फारच कमी. आयआरएफपी२६० नंबरचा मॉसफेट लावलात तर २०० व्होल्ट सहन करतो, आणि त्याच्या ड्रेन नावाच्या पायावर सप्लायच्या तिपटीपेक्षा थोडं जास्तच येतं, १२ वर साधारण ३८, २४ वर ७५, म्हणजे भरपूर जागा आहे. वेढे मध्ये टॅप काढून पाच अधिक पाच, एक चोक (कॉइल), एक चांगला एमकेपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कॅपेसिटर (साधा पिवळा लावाल तर तोच फुगेल). ठिणगी कसली, ज्योतच निघते, जाड आणि गरम, कागद लगेच पेटतो.

पण ती बिघडते कधी, तर सप्लाय हळूहळू चढला किंवा लोडने खाली बसला की दोन्ही मॉसफेट एकदम चालू राहतात, सरळ शॉर्ट. म्हणून लॅपटॉपचा अडॅप्टर नको, यूपीएसची १२ व्होल्ट बॅटरी घ्या, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, आणि स्विच एका झटक्यात दाबा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा २एन३०५५ च. लोक म्हणतात झेडव्हीएस चांगली कारण थंड चालते, मला नेमकी तीच भीती वाटते. तापणारा ट्रान्झिस्टर दर दोन मिनिटांनी तुम्हाला बंद करायला लावतो, तेवढ्यात वायर कुठे लोंबतेय ते तरी दिसतं. झेडव्हीएस काही न बोलता चालत राहते आणि तिच्या टोकाला हजारो व्होल्टवर इतका करंट असतो की माणूस मरू शकतो. २एन३०५५ वालासुद्धा खेळणं नाहीच, पण ताकदीत फरक फार आहे. दोन्हीत एक हात खिशात, वायर सरकवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, आणि बंद केल्यावर ईएचटीचं टोक अर्थ केलेल्या वायरने टेकवून घ्यायचं. टीव्ही स्वतः उघडणार असाल तर पिक्चर ट्यूब बंद टीव्हीतसुद्धा चार्ज धरून असते, तो आधी उतरवा.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचा विषयच काढू नका. लाकडावर त्याने विजेची नक्षी काढताना माणसं गेलीयत, अमेरिकेतल्या लाकूड-खरादी करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ते बंदच केलंय.

आणि नुसती हातात धरलेली सीएफएल पेटवून मित्रांना दाखवायची असेल, तर दोन्ही नकोत. बीडी१३९ हा छोटा ट्रान्झिस्टर, पाइपवर बारीक तारेचे तीनशे वेढे, एक रेझिस्टर आणि ९ व्होल्ट, बस. तापतो तोही, पण उडाला तरी दहा-वीस रुपयांचा जातो. भाच्याने शेवटी तीच बनवली, आणि आता आजी ओरडते की रेडिओ लावला की खरखर का येतेय.