बीएसडीएस ५००: माणसाच्या रेषेशी यंत्राची रेषा ताडणारा डेटासेट

चित्राचे विभाजन करणारा, म्हणजे चित्रातल्या वस्तूंचे तुकडे वेगळे काढणारा अल्गोरिदम कितपत चांगला आहे, हे दोन-चार देखणे नमुने दाखवून नव्हे तर माणसाच्या निर्णयाशी ताडून सांगायचे असेल, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील जितेंद्र मलिक यांच्या गटाचा बीएसडीएस (बर्कले सेगमेंटेशन डेटासेट) हा चित्रसंच आजही आधी हाताशी घ्यावा. २००१ साली ३०० चित्रांनिशी सुरू झालेला हा संच २०११ मध्ये ५०० चित्रांचा झाला. बिगरव्यावसायिक संशोधनासाठी तो विनामूल्य आहे.

प्रत्येक चित्रावर सरासरी पाच जणांनी स्वतंत्रपणे सीमा आखल्या आहेत आणि त्यांच्यातले मतभेद पुसून एकच ‘बरोबर उत्तर’ तयार केलेले नाही, ही मला त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते. झेब्र्यांचे चित्र उघडून पाहावे: कडा शोधणारी कॅनी ही जुनी पद्धत अंगावरच्या प्रत्येक पट्ट्याला कडा मानते, माणूस मात्र जनावराच्या आकाराभोवती रेषा ओढतो. पट्टे हा पोत आहे, सीमा नव्हे, ही समज यंत्राला आहे की नाही ते तिथे लगेच कळते.

गुणांकनही विचारपूर्वक केलेले आहे. यंत्राची रेषा पाचांपैकी एकाच्याही रेषेशी जुळली तरी ती चूक धरली जात नाही, पण सुटलेल्या रेषांचा हिशेब सर्वांच्या आखणीवरून होतो. हात थोडा हलला असेल म्हणून चार-एक पिक्सेलची सूटही मिळते. चुकीच्या आणि सुटलेल्या रेषांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या या एफ-मापावर (० ते १) माणसे सुमारे ०.८० गुण मिळवतात, कॅनी ०.६० च्या आसपास राहते आणि २०११ मध्ये बर्कलेच्याच गटाने मांडलेली पद्धत ०.७३ पर्यंत पोहोचते.

तक्रारी आहेतच. सुरुवातीचे प्रदेश-आधारित, म्हणजे रेषांऐवजी तुकडे ताडणारे त्रुटिमाप इतके उदार होते की अख्खे चित्र एकच तुकडा मानले, किंवा प्रत्येक पिक्सेल वेगळा केला, तरी त्रुटी शून्य येई. पुढच्या आवृत्तीत त्याऐवजी इतर मापे आली, हे बरे झाले. एकाच व्यक्तीने आखलेल्या, इतर कुणालाही न दिसलेल्या रेषांनाही पूर्ण मान मिळतो, हे मात्र खटकते. आता काही न्यूरल नेटवर्क माणसाच्या आकड्यापुढे गेली आहेत, पण म्हणून ती माणसापेक्षा चांगले पाहतात असे मी म्हणणार नाही; पाच जणांच्या सरासरीशी जुळवून घेणे एका माणसापेक्षा यंत्राला सोपे जाते. त्यामुळे नव्या पद्धतींची क्रमवारी लावायला हा संच अपुरा पडतो. आपली पद्धत नेमकी कुठे चुकते हे एकेका चित्रावर तपासायला मात्र मी तोच वापरतो.