मांडव्याच्या लाँचसाठी आलेपाक की आल्याचे काप?

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये ज्यांना मळमळते आणि त्यासाठी गोळी घ्यायची नसते, त्यांच्यापुढे माझ्या मते शेवटी दोनच पर्याय उरतात: दुकानातला आलेपाक, किंवा घरी लिंबाच्या रसात व सैंधवात मुरवलेले आल्याचे काप. लिंबू हुंगल्याने बरे वाटते, पण डिझेलचा धूर आत शिरला की त्याचा वास टिकत नाही. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे अंतरावर, आतल्या बाजूला दोन कंडरांच्या मध्ये दाबण्याचा चिनी उपाय काहींना लागू पडतो. मला फारसा पडला नाही.

दोन्हींत गुण आल्याचाच. आलेपाक सोयीचा खरा, खिशात मावतो आणि मुलेही आवडीने खातात, म्हणून मीही कित्येक वर्षे तोच नेत असे. माझे मत फिरले ते त्यातल्या साखरेमुळे. सुरुवातीला वडी छान लागते, पण एकदा तोंडाला पाणी सुटू लागले की तोच गोडवा घशाशी बसतो, तो घालवायला घटाघटा पाणी प्यावे लागते, आणि आधीच ढवळत असलेल्या पोटात ते पाणी गेले की जे टाळायचे असते तेच होते. शिवाय मे महिन्याच्या दमट हवेत वडी कागदाला चिकटते आणि कागद सोलण्यासाठी मान खाली घालावी लागते. कानाला हेलकावे जाणवत असताना डोळ्यांसमोर लाँचसोबतच हलणारी, म्हणून स्थिर भासणारी जवळची वस्तू असली की मळमळ वाढतेच. माझा तोल बहुतेक वेळा त्या अर्ध्या मिनिटातच गेला आहे.

आल्याच्या कापांची डबी मात्र नजर क्षितिजावर ठेवून, केवळ हाताच्या अंदाजाने उघडता येते. आंबट-खारट चवीने तोंड स्वच्छ होते आणि वर पाणी लागत नाही. आले कोवळे घ्यावे. त्याला धागे नसतात आणि लिंबात ते सुंदर फिकट गुलाबी होते. डबीचे झाकण घट्ट हवे, नाहीतर पिशवीला डाग पडतात. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना कदाचित आलेपाकच मानवेल, आणि गर्भारपणात किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

मी दोन काप लाँच सुटण्याच्या अर्धा तास आधी, तिकिटाच्या रांगेतच चावून खातो आणि तिसरा बंदराबाहेर लाटा वाढेपर्यंत राखून ठेवतो.