जनुकीय आरोग्य चाचणी: अहवालातील क्षयरोगाचे पान

काकांना क्षयरोग झाल्यानंतर हा आजार आमच्या घराण्यातच आहे की काय, अशी शंका कुटुंबात वारंवार निघू लागली, म्हणून सोलापुरातील एका खासगी केंद्रात आम्ही जनुकीय आरोग्य चाचणी करून घेतली. लाळेचा नमुना नीटनेटकेपणाने घेतला गेला आणि अहवाल सांगितलेल्या मुदतीत मिळाला. त्याबाबत तक्रार नाही.

क्षयरोगाच्या पानावर मात्र ‘मध्यम प्रवणता’ असा शेरा आहे, आणि तो ज्या जनुकीय खुणांवर आधारला आहे त्या प्रामुख्याने घाना व गांबिया (2010), रशिया (2015) आणि आइसलँड (2016) येथील रुग्णांच्या अभ्यासांतून पुढे आलेल्या आहेत. अशा खुणांमुळे धोक्यात पडणारा फरक बहुधा लहान असतो, आणि एका लोकसमूहात आढळलेला संबंध दुसऱ्या लोकसमूहात अनेकदा आढळत नाही. अहवालाने आम्हाला सरसकट ‘दक्षिण आशियाई’ या रकान्यात घातले आहे; पण सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या समाजातच सोयरीक करत आलेले तेलुगू भाषक पद्मशाली आणि शहरातील इतर समाज यांची जनुकीय ठेवण एकच असेल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. ‘टीवायके2’ या जनुकातील एक बदल आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तर क्षयरोगाचा धोका बराच वाढतो. युरोपात सुमारे 600 पैकी एका व्यक्तीत अशी स्थिती आढळते. आमच्यात तो बदल नाही, हे अहवालाने ठळक हिरव्या अक्षरांत छापले आहे, जणू काही त्याने संरक्षणच मिळते.

आनुवंशिकतेचा वाटा खोटा नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्षयरोग झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा अधिक असल्याचे जुन्या अभ्यासांतही दिसले आहे. परंतु संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 टक्के लोकच आजारी पडतात, आणि त्यात कुपोषण, मधुमेह, धूम्रपान यांचा प्रभाव मोठा असतो. झारखंडमधील चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्राच्या अर्जात मात्र वजन, साखर, बिडी किंवा घरातील रुग्णाच्या सहवासाबद्दल एकही प्रश्न नव्हता, आणि समुपदेशनाच्या नावाखाली फोनवरून तेच पान वाचून दाखवण्यात आले.

कामाचे पान निघाले ते औषधांचे. ‘एनएटी2’ जनुकामुळे माझ्या शरीरात आयसोनियाझिड या क्षयरोगावरील औषधाचे विघटन संथ होते, असे त्यात लिहिले आहे; अशा व्यक्तींत या औषधामुळे यकृताला इजा होण्याची शक्यता अधिक असते. प्रतिबंधात्मक उपचाराचा विषय निघाल्यावर आमच्या डॉक्टरांनी हेच पान मागून घेतले आणि यकृताची तपासणी वेळोवेळी करण्यास सांगितले. एवढ्यासाठी संपूर्ण पॅकेजचे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. घरात रुग्ण असेल, तर इतरांची क्षयरोगासाठी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. आधी तिथे जावे.